काका, डाव्या पानाबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. राहतं घर विकून स्वस्त वस्तीत जावं का, हा प्रश्न घेऊन कोणी आलं की तुम्ही त्याच्यापुढे एक आखीव वही सरकवता. उजव्या पानावर काय बचत होईल, डाव्या पानावर खर्चात काय जाईल. उजवं पान प्रत्येकजण घरूनच पाठ करून आलेला असतो. डाव्याला तास-दीड तास लागतो. त्या वहीच्या झेरॉक्सवर आता आम्हीही इतरांचे हिशेब मांडून देतो. तुमचं ऋण नेमकं कशाचं आहे, ते एकदा लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी १०० च्या युक्तीबद्दल. खरे आकडे कागदावर आले की माणसं भावात अडकतात, "एवढ्याला तर मी देणारच नाही" इथेच गाडी थांबते. म्हणून तुम्ही राहत्या घराची किंमत १०० धरायला लावता आणि बाकी सगळं त्याच मापात. वही ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्यासाठी त्यातलं उदाहरण इथे देतो. घर १००, त्यावर शिल्लक कर्ज ४०, नवं घर ६५. तोंडी हिशेब म्हणतो, ३५ सुटले. आता डावं पान. विकताना दलाली, वकील, कागदपत्रं मिळून ३. नवं घर घेताना नोंदणी, सरकारी शुल्क, दलाली धरून किमतीच्या ७ टक्के, म्हणजे ४.५५. नव्या घराची डागडुजी ३. सामान हलवणं १. एका घराचा ताबा देणं आणि दुसऱ्याचा मिळणं यांच्यामधल्या दिवसांचं भाडं आणि दुहेरी बिलं, आणखी १. बेरीज १२.५५.

म्हणजे कर्ज आणि विक्रीचा खर्च वजा जाता हातात ५७ येतात, नव्या घरात राहायला जाईपर्यंत ७४.५५ लागतात, आणि १७.५५ चं कर्ज पुन्हा घ्यावं लागतं. कर्जाचा भार ३५ ने उतरेल असं वाटत होतं, उतरला २२.४५ ने. किमतींतल्या फरकाचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा वाटेतच गळाला. हे टक्के जागेप्रमाणे बदलतात. कुठे विक्रीच्या नफ्यावर कर लागतो, कुठे मुदतीआधी कर्ज फेडल्याचा आकार लागतो. जे लागू असेल ते डावीकडेच लिहायचं.

दुसरे आभार हप्ता आणि व्याज वेगळं करून दाखवल्याबद्दल. इथे जाणती माणसंही फसतात. ९ टक्के व्याज आणि १५ वर्षं मुदत धरली तर ४० च्या कर्जाचा महिन्याचा हप्ता ०.४१ च्या आसपास येतो, १७.५५ चा ०.१८. वर्षाला २.७३ वाचले, आणि १२.५५ ला २.७३ ने भागलं की साडेचार वर्षांत खर्च वसूल! पण हप्त्यातलं मुद्दल कुठे जात नव्हतंच. ते आपल्याच घरात साठत होतं. खरी बचत फक्त व्याजाची. ती पहिल्या वर्षी जेमतेम २ भरते आणि पुढे दर वर्षी घटत जाते, कारण कर्जही घटत असतं. नव्या जागेचा देखभालीचा खर्च आणि घरपट्टी वर्षाला ०.६ ने कमी, प्रवास ०.५ ने जास्त, असं धरून वर्षवार बेरीज केली की खर्च वसूल व्हायला सात वर्षं लागायला येतात. साडेचार आणि सात या दोन आकड्यांमध्ये अनेकांचा निर्णय फिरतो.

(दोन वस्त्यांमधल्या घरांचे भाव पुढे कसे वाढतील, हा रकाना तुम्ही मुद्दाम रिकामा ठेवता. त्यात जो तो आपल्या मनातलं उत्तर भरतो, हे तुमचं निरीक्षण आम्हाला वारंवार पटलं आहे.)

या सात वर्षांच्या आकड्यासमोर तुम्ही जो प्रश्न ठेवता तो खरं तर पहिला विचारायला हवा, पण तुम्ही तो शेवटी विचारता: ही तंगी किती वर्षांची? नोकरी सुटली आहे, आजारपण आहे, मुलाच्या शिक्षणाची शेवटची दोन वर्षं उरली आहेत, तर अडचण दोन-तीन वर्षांची आणि उपाय सात वर्षांनी फळणारा. तिथे घर विकणं जमत नाही. उलट निवृत्तीनंतर उत्पन्न कायमचं कमी झालं असेल, किंवा तीन खोल्यांचं घर दोन माणसांना झेपत नसेल, तर सात वर्षं फार नाहीत. उशीरच झालेला असतो.

विकण्याआधी इतर दारं ठोठावून बघायला लावता, त्याबद्दलही आभार, आणि त्या दारांची किंमत लपवत नाही याबद्दल जास्त. मुदत १५ वरून २० वर्षं करून घेतली तर ४० च्या कर्जाचा हप्ता साधारण ११ टक्क्यांनीच उतरतो, पण एकूण व्याज ३३ वरून ४६ वर जातं. म्हणजे ही सोयही १३ ला पडते, घर बदलण्याच्या खर्चाएवढीच. तेच व्याजदर एका टक्क्याने कमी करून मिळाला तर हप्ता जवळपास ६ टक्के उतरतो आणि पुढे जादा काही फेडावं लागत नाही. सावकाराशी ही बोलणी आधी करायची, मुदतीची नंतर. घर भाड्याने देऊन स्वतः स्वस्त वस्तीत भाड्याने राहणं हा तिसरा रस्ता. त्यात वर्षातला किमान एक महिना घर रिकामं राहील असं धरायचं, भाड्यावरचा कर आणि दुरुस्ती वजा करायची, मग जे उरेल ते बघायचं. पैसे फार सुटत नाहीत, पण नवी वस्ती आतून कळते, आणि परत यायची वाट उघडी राहते.

वस्तीबद्दलचं पान आम्ही सर्वांत जास्त वापरतो. तिथे एकच सवाल आहे: ही जागा स्वस्त का आहे? जे कारण सापडेल ते तीनपैकी एका गटात टाकायचं. काही कारणं काळाने जातात, जसं रस्ता अजून कच्चा आहे. काही कारणं राहतातच: सखल जमीन, शेजारी कचरा टाकायची जागा, रात्रभर अवजड वाहतूक. आणि काहींशी आपला संबंधच नसतो. शाळा लांब आहे, पण घरात शाळेत जाणारं कोणी नाही. तिसऱ्या गटातली स्वस्ताई म्हणजे खरा फायदा. पहिल्या गटातल्या कारणांना तुम्ही तारीख लिहायला लावता आणि मग ती तारीख दुप्पट करता. यावर बरेचजण हसतात, पण रस्त्याचं काम कोणी जवळून पाहिलं असेल तर तो हसत नाही.

कारण सापडावं म्हणून चार फेऱ्या: कामाच्या दिवशी सकाळी निघायच्या वेळेला, रात्री अकरानंतर, सुट्टीच्या दुपारी, आणि जोराच्या पावसात. पावसाची फेरी टाळणाऱ्यांसाठी खूण अशी की तळमजल्याच्या भिंतींवर, फाटकाच्या लोखंडावर, विजेच्या मीटरच्या पेटीखाली पाणी चढल्याची आडवी रेघ शोधायची. रंग नवा आणि तोही फक्त कमरेपर्यंत असेल तर का दिला, हे विचारायचं. वरच्या मजल्यावर गर्दीच्या वेळी नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. फोनची रेंज दारात पाहून चालत नाही, घराच्या आतल्या खोलीत पाहायची.

प्रवासाचा रकाना तुम्ही पैशात आणि तासांत वेगळा भरायला लावता. जाताना ४० मिनिटं जास्त, येताना तेवढीच, महिन्याला २२ दिवस: २९ तास २० मिनिटं. घरात दोघं कमावते असतील तर जवळपास ५९ तास. शिवाय दुसरं वाहन घ्यावं लागणार असेल तर तो खर्च डावीकडे आला की बऱ्याचदा पुढचं पान उलटायची गरजच पडत नाही.

शेजाऱ्यांच्या रकान्यात मात्र आकडा नाही. गेल्या तीन महिन्यांत अडीनडीला कोणाला फोन केला, किल्ली कोणाकडे असते, आजींना दवाखान्यात कोण घेऊन गेलं, मूल तासभर कुठे बसलं, एवढी नावं लिहायची. यादीत सात-आठ नावं निघाली तर त्यातल्या किती कामांना नव्या जागी पैसे मोजावे लागतील, तो खर्च काढायचा. घरात वृद्ध असतील तर हा खर्च मोठा निघतो.

आता विक्रीचा क्रम. भाव धरायचा तो जाहिरातीतला नाही, त्याच इमारतीत किंवा लगतच्या इमारतींत नुकत्याच झालेल्या तीन व्यवहारांचा. मग तुमची ती कसोटी: भाव १० टक्क्यांनी कमी आला तर? घर ९०, कर्ज ४० तेवढंच, विक्रीचा खर्च २.७, हातात ४७.३, आणि नवं कर्ज १७.५५ ऐवजी २७.२५. भाव दहा टक्के पडला, नवं कर्ज ५५ टक्के वाढलं. ही कसोटी ज्याला झेपत नाही त्याने जाहिरातच देऊ नये, हे तुमचं म्हणणं कठोर वाटतं, पण आम्हाला मान्य आहे.

कागद आधी गोळा करायचे: मालकीचे मूळ दस्त कोणाकडे आहेत, सहमालकांची लेखी संमती, इमारतीची देणी फिटल्याचा दाखला, आणि सावकाराकडून कर्जाच्या शिल्लक रकमेचं पत्र. या पत्रावर तारीख पाहायची, कारण व्याज चढत राहतं आणि मागच्या महिन्याची रक्कम आज पुरत नाही. कर्ज फिटलं की बोजा, म्हणजे घरावरची कर्जाची नोंद, उतरवून घ्यायचा आणि मूळ दस्त परत घ्यायचे. या कामाला वेळ लागतो, म्हणून करारातल्या तारखांत तो आधीच धरायचा. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर मंजुरीचं पत्र पाहिल्याशिवाय इतरांना नकार द्यायचा नाही. विसार घेतला, बाकीचे गेले, आणि मग खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं, हा अपघात इतक्यांदा होतो की तुम्ही त्या ओळीखाली लाल रेघ मारली आहे.

आधी विकायचं की आधी घ्यायचं, यावर मात्र आमचा तुमच्याशी थोडा मतभेद आहे. आधी विका, हा तुमचा नियम हिशेबाने बरोबर. ६५ पूर्ण उसने घेऊन नवं घर आधी घेतलं तर ९ टक्क्यांनी महिन्याला ०.४९ व्याज जातं, आणि जुनं घर सहा महिने विकलं गेलं नाही तर २.९, म्हणजे विक्रीच्या सगळ्या खर्चाएवढं. वर घाईत असलेला विक्रेता भाव पाडतो तो वेगळाच. पण घरात चाकाच्या खुर्चीवरचं माणूस असेल तर मधल्या काळात मिळेल त्या भाड्याच्या घरात राहता येत नाही. दार रुंद हवं, न्हाणीघरात धरायला दांडे हवेत, तळमजला किंवा चालू लिफ्ट हवी. तिथे आधी नवं घर तयार करावं आणि ते व्याज डाव्या पानावर आधीच लिहून ठेवावं, असं आम्ही सांगतो. वहीच्या पुढच्या प्रतीत ही ओळ घालायला तुमची परवानगी हवी आहे. नको म्हणालात तर पेन्सिलीने लिहू.

आपले,
तुमच्या वहीच्या झेरॉक्सवर चालणारे काहीजण