एका कानाची रेकॉर्ड

मिरज, रविवार

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

कानाचं तू आईला सांगितलंस, मला नाही. ती मेथी निवडता निवडता सहज बोलून गेली, "सईच्या उजव्या कानात शिट्टी वाजतेय म्हणे." मग मी फोन केला, तू चिडलीस, आणि रात्री ती अमेरिकन रेकॉर्ड पाठवून खाली लिहिलंस, "बाबा, हे करणारा माणूस उजव्या कानानं जवळजवळ बहिरा होता. ऐका आणि झोपा."

ऐकली. झोप नाही आली.

कानाबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, रेकॉर्डबद्दलच लिहितो. सुहासनं मोबाइलवर माहितीही काढून दिली. 'पेट साउंड्स', बीच बॉइज, मे 1966. कव्हरवर पाच पोरं प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना चारतायत, ते बघून आई म्हणाली, "हा बँड आहे का गोठा?" पण आत जे आहे ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. तू म्हणतेस तो माणूस म्हणजे ब्रायन विल्सन, तेव्हा 23 वर्षांचा. 1964 च्या डिसेंबरात ह्यूस्टनला जाताना विमानातच घाबरून कोसळला आणि नंतर त्यानं बँडबरोबर फिरणंच सोडलं. बाकीचे जपानला कार्यक्रम करत होते तेव्हा हा हॉलिवूडच्या स्टुडिओत बाहेरचे कसलेले वादक घेऊन बसला होता. ड्रमला हॅल ब्लेन, बास गिटारला कॅरल के. त्या काळात एक बाई एवढ्या पुरुषांत बसून वाजवतेय हे वाचून मला तूच आठवलीस, आवाज जुळवायच्या कन्सोलमागे केस वर बांधून उभी. एका गाण्यात त्यानं सायकलची घंटी आणि भोंगा घातलाय. रेकॉर्डच्या अगदी शेवटी आगगाडी जाते आणि त्याची स्वतःची दोन कुत्री भुंकतात, त्यातल्या एकाचं नाव बनाना. केळं! आपल्या मोत्याला सांगितलं पाहिजे.

'गॉड ओन्ली नोज' मी दुकानात परत परत लावलं. हातातली तंबोऱ्याची घोडी बाजूला ठेवली. गातो तो ब्रायनचा धाकटा भाऊ, कार्ल, 19 वर्षांचा. पण माझं लक्ष खाली बासकडे. आमची सगळी हयात षड्ज, म्हणजे सा, धरण्यात गेली, आणि हा माणूस खालचा स्वर षड्जावर टेकूच देत नाही. आत्ता येईल, मग येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. पाया दिलाच नाही आणि तरी इमारत डुलत नाही. अण्णा असते तर आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग पुन्हा लाव म्हणाले असते.

पण सई, रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज. डावं-उजवं त्याला कळणार कसं? त्यानं ते वाटेतून काढूनच टाकलं. सगळी वाद्यं एकात एक अशी मिसळली की बासरी कुठली न् ॲकॉर्डियन कुठला, सांगता येऊ नये. लोकांसाठी स्टिरिओ निघाली ती थेट 1997 मध्ये, दुसऱ्यानं मिसळून. म्हणजे स्वतःचंच काम तसं ऐकायचं सुख त्याच्या नशिबी नव्हतं. तू मला हे धीर द्यायला पाठवलंस ना? आणि तो कान त्याला लहानपणापासूनच नव्हता. तुला दोन आहेत. डावं-उजवं जुळवणं हेच तुझं पोट आहे. इथल्या कानाच्या डॉक्टरांना मी विचारून आलो (रागावू नकोस, नाव नाही सांगितलं). आतल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत म्हणाले. मोठ्या आवाजाचा मार बहुतेक आधी 4000 हर्ट्झच्या आसपास दिसतो, बोलणं नीट ऐकू येत असतं म्हणून माणूस गाफील राहतो. इअरप्लग घालायला लाज कसली? स्पीकरच्या भिंतीसमोर पाच-पाच तास उभं राहायचं आणि वर म्हणायचं...

झालं. लागलो ना परत कानाच्या मागे. माफ कर. तुझं काम तुला कळतं.

कळतं हे मला तू सातवीत असल्यापासून माहीत आहे. पुण्याच्या बाईंचा तंबोरा आला होता, जवारी, म्हणजे तारांचा झंकार, काही केल्या खुलत नव्हती. दुपारभर मी घोडी घासत होतो. तू शाळेतून आलीस, दप्तरासकट फरशीवर आडवी झालीस, भोपळ्याला कान लावलास, हाच उजवा, आणि म्हणालीस, "बाबा, जोडातली एक तार दुसरीशी भांडतेय." मी तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि तंबोरा बोलायला लागला. बाईंनी तुझ्या हातावर पैसे ठेवले, ते तू दादाला चिडवत आठवडाभर मोजत होतीस. मला जे ऐकू आलं नव्हतं ते तुला आलं होतं. त्या रात्री आईला म्हणालो, ही आपल्या दुकानात मावायची नाही.

त्या ब्रायनचा बाप सुरुवातीला बँडचा मॅनेजर होता, 1964 मध्ये पोरांनीच त्याला काढला. पुढे 1969 मध्ये त्यानं पोराच्या गाण्यांचे हक्क सात लाख डॉलरला विकून टाकले. कान गेला त्यालाही काही जण बापाच्याच हाताकडे बोट दाखवतात. हे वाचून मी सुहासला म्हटलं, बंद कर ते. मी तुझ्यावर कधी हात उगारला नाही, तुझ्या कामात नाक खुपसलं नाही. फोन करतो, एवढंच. एवढं चालवून घे.

गेल्या वर्षी जूनमध्ये सांगली नाट्यगृहात तू मागे बसून सगळं सांभाळलंस, तेव्हा कुसुमआत्या मला विचारत होती, "सई वाजवणार कधी?" तिला काय सांगायचं! मी तिला म्हटलं, तुला जे ऐकू येतंय ना, ते तीच वाजवतेय.

आईनं डब्यात मेतकूट आणि लसणाची चटणी दिली आहे, दादा शुक्रवारी घेऊन येईल. तुझ्यासमोर कानाचा विषय काढणार नाही असं त्यानं मला वचन दिलंय. मीच मागितलं होतं.

तुझा,
बाबा

ता. क. तपासणीचा कागद सुहासच्या नंबरवर पाठव, माझ्या मोबाइलवर अक्षर बारीक येतं. आणि डाव्या कानाची तपासणी केलीस का? दोन्हींची करून घे.