गुल्ली डंडा : मात्रा चुकते तिथेच तण माजते

संपादक महोदय,

गहू पेरणीचे दिवस आले की तणनाशकांची चौकशी सुरू होते. ‘गेल्या वर्षी मारले तेच द्या’ म्हणणाऱ्यांनी पंजाब-हरियाणातल्या गुल्ली डंडा या तणाकडे एकदा पाहावे. आपले गाजरगवत नावालाच गवत. हे मात्र अस्सल गवत आहे, भूमध्य समुद्राकडून आलेले आणि रोपावस्थेत हुबेहूब गव्हासारखे. म्हणून खुरपणीत सुटते. रोप उपटून पाते खोडाला जिथे जुळते तिथे बघावे. गव्हाला तिथे खोडाला बिलगलेले केसाळ कान असतात. गुल्ली डंड्याला कान नसतात, बुडखा तांबूस असतो. ओंबी दिसल्यावर ओळखून फारसे साधत नाही, कारण कापणीआधीच त्याचे बरेचसे बी गळून जमिनीत गेलेले असते.

तिकडे भातामागे गहू, गव्हामागे भात हेच चक्र आणि वर्षानुवर्षे एकच तणनाशक, आयसोप्रोट्युरॉन. त्यातही कोणी मात्रा कमी घेई, कोणी वाळूत किंवा युरियात कालवून फेकी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते लागू पडेना. मग क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन आले. आज त्यांनाही न जुमानणारे तण आहे.

क्लोडिनाफॉप 15 टक्के एकरी 160 ग्रॅम, तण दोन-तीन पानांवर असताना, म्हणजे पेरणीनंतर साधारण 30-35 दिवसांनी, पहिल्या पाण्यानंतर वाफसा आल्यावर फवारावे. नोझल फ्लॅट फॅनच हवा. कीटकनाशकाच्या गोल फवाऱ्याने पट्टे सुटतात. सुटलेले आणि अर्धवट मेलेले तण पुन्हा बी धरते. चंदनबटव्याला हे औषध काहीच करत नाही, तेव्हा शेतात फक्त रुंद पानाचे तण असेल तर हे औषध फवारून पैसे वाया घालवू नयेत.

सल्फोसल्फ्युरॉनची गोष्ट वेगळी. त्याचा अंश जमिनीत राहतो आणि पुढच्या मक्याला, ज्वारीला बाधतो. पंजाबात गव्हामागे भात असतो, आपल्याकडे गव्हाच्या रानात खरिपात मका येतो. दुकानात हे विचारल्याशिवाय पुडी घेऊ नये.

औषधाचा गट, म्हणजे तण मारण्याची त्याची पद्धत, दरवर्षी बदलावा. तणाचा जोर असेल त्या रानात एखाद्या हंगामात गव्हाऐवजी बरसीम हे चाऱ्याचे पीक घ्यावे. वारंवार कापणीमुळे गुल्ली डंड्याला बी धरायला उसंतच मिळत नाही. उत्तरेकडून आणलेले खाण्याचे गहू बियाणे म्हणून पेरू नयेत. तणाचे बी त्यातूनही रानात येते.

– एक वाचक, निफाड