पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा

महोदय,

गेल्या दिवाळीत नातवाच्या हट्टापायी आम्ही लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. विक्रेत्याने घरी बोलावलंच नाही. 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणत कात्रज चौकात गाडीच्या डिकीतून खोका काढून दिला. आई कुठे विचारलं, तर म्हणे, 'गावाला गेलीय.' (कुत्री माहेरी जाते, हे तेव्हाच खटकायला हवं होतं!) पिल्लू 50 दिवसांचं सांगितलं, डॉक्टरांनी दात पाहून जेमतेम 5 आठवड्यांचं ठरवलं. लसीच्या पुस्तिकेत ना स्टिकर, ना सही. चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार! आठव्या दिवशी ते गेलं. त्याची वाटी अजून ओट्याखाली आहे.

2017च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे त्याने सांगितलेलं खोटं वयसुद्धा बेकायदाच होतं. मला हे नंतर कळलं.

आपल्या छोट्या जाहिरातींत 'पिल्ले विकणे आहे' रोज दिसतं. नोंदणी क्रमांक असल्याशिवाय अशी जाहिरात आपण छापू नये, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे