'शहीद' नाहीत म्हणून फलक काढायचा?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

११ जुलै हा परमवीरचक्र विजेते मेजर रामा राघोबा राणे यांचा स्मृतिदिन. १९९४ साली या दिवशी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते गेले. कारवारजवळच्या चेंडियाचा हा माणूस आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचा. मीही त्याच पलटणीत नोकरी केली, म्हणून हे पत्र.

आमच्या भागातल्या एका शाळेत परमवीरचक्र विजेत्यांचे फलक लावले होते. राणेसाहेबांच्या फोटोखाली 'शहीद' असं लिहिलेलं. मी शिक्षकांना सांगितलं, की साहेब लढाईतून जिवंत परतले, पुढे वीस वर्षं फौजेत राहून १९६८ला मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यावर उत्तर आलं, "म्हणजे आजारपणातच गेले ना!" दोन दिवसांनी पाहिलं तर शब्द दुरुस्त झाला नव्हता, फलकच काढला होता. हे मला फार लागलं.

त्या मुलांना काय सांगायला हवं होतं ते लिहितो. ८ एप्रिल १९४८. जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर आपल्या टँकांच्या वाटेतले सुरुंग आणि अडथळे काढण्याचं काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्या तुकडीकडे होतं. सकाळी अकराच्या सुमाराला तोफगोळे पडले. दोन जवान ठार, पाच जखमी, आणि जखमींत स्वतः राणे. ते मागे गेले नाहीत. बरवालीचा डोंगर हाती आल्यावर रात्री दहापर्यंत गोळीबारात काम चाललं. दुसऱ्या दिवशी पाइनचे मोठमोठे वृक्ष रस्त्यावर आडवे टाकलेले. ते स्फोटकं लावून उडवत पुढे. संध्याकाळी पुन्हा पाच झाडं आडवी, भोवती सुरुंग पेरलेले आणि वरून मशीनगनचा मारा. १० तारखेला पहाटे पावणेपाचला त्याला हात घातला आणि साडेसहाला तो अडथळा मोकळा झाला. पुढचा हजार यार्डांचा पट्टा तर नुसता अडथळ्यांचा. दुपारी टँक नदीपात्रातून राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. पण मागून रसद यायची तर रस्ता हवा, म्हणून हा माणूस विश्रांती नाही, अन्न नाही, असा रात्री नऊपर्यंत राबला. ११ला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. आमच्याकडे तर असं सांगत, की राणेसाहेब टँकखालून सरपटत जायचे आणि थांब-चलची खूण ड्रायव्हरला दोरी ओढून द्यायचे.

सुरुंग काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. पोटावर पडून संगिनीचं टोक तिरकं मातीत घालायचं, काही कडक लागलं की थांबायचं, मग बोटांनी माती बाजूला करायची. घाई करायची नाही आणि हात थरथरू द्यायचा नाही. शांततेच्या काळात, सरावाच्या मैदानावरसुद्धा सदरा घामाने भिजतो. राणेसाहेबांनी हे जखमी अंगाने, वर गोळ्या चालू असताना केलं. त्याआधी ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून झालं होतं, ते वेगळंच.

असा माणूस शेहेचाळीस वर्षांनी रुग्णालयाच्या खाटेवर गेला, तर त्या चार दिवसांतलं काय कमी होतं? लढाया पाहून घरी आलेले आणि पुढे दुखण्याने गेलेले कितीतरी अधिकारी-जवान आपल्या गावोगावी होऊन गेले. त्यांच्या बायका-मुलांनाही हेच ऐकावं लागतं, "लढाईत नाही ना गेले?" मी स्वतः एका सुभेदारसाहेबांच्या तेराव्याला हे ऐकलंय, त्यांच्या मुलीच्या देखत.

कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर राणेसाहेबांचा पुतळा आहे. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. पुण्यातल्या शाळांनी एवढंच करावं: ११ जुलैला परिपाठात त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रातला मजकूर मुलांना वाचून दाखवावा, तारखा आणि वेळांसकट. पाच मिनिटंही लागणार नाहीत. आपल्या वृत्तपत्रानेही तो त्या दिवशी छापावा, ही विनंती. आणि त्या शाळेने 'शहीद' हा शब्द खोडून तो फलक पुन्हा लावावा. खर्च मी देईन.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, खडकी, पुणे