शिकागोहून पत्र : कब्स जिंकले!

शिकागो,
रविवार, ६ नोव्हेंबर २०१६

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. 'पेपरात शिकागोचा फोटो बघितला, नदी निळीशार आणि रस्त्यावर लाखो माणसं, काय झालंय काय तिकडे?' असं विचारलंयस. दोन ओळींत सांगण्यासारखं नाही रे ते. आज सुट्टी आहे, घरात सामसूम आहे, म्हणून पत्रच लिहायला बसलोय.

झालंय असं की कब्स जिंकले. शिकागो कब्स, इथला बेसबॉलचा संघ. याआधी ते अजिंक्य ठरले होते १९०८ साली, म्हणजे लोकमान्यांना मंडालेची शिक्षा झाली त्या साली! मध्ये १०८ वर्षं गेली. आपल्याकडे जपमाळेत १०८ मणी, आणि बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे टाकेही १०८ असतात. वानखेडेवर २०११ साली आपण रडलो होतो, आठवतंय ना? ते २८ वर्षांनंतर होतं. आता त्याच्या जवळजवळ चौपट वर्षं धर.

इथे दोन लीग असतात. त्यांचे विजेते ऑक्टोबरच्या शेवटी एकमेकांशी सात सामन्यांची मालिका खेळतात, चार जिंकले की संपलं. तिला वर्ल्ड सिरीज म्हणतात. कब्स त्या मालिकेपर्यंत पोहोचलेच होते शेवटचे १९४५ मध्ये, आणि तेव्हा डेट्रॉइटकडून सातव्या सामन्यात हरले. त्या मालिकेत एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाला त्याच्या बोकडासकट मैदानात बसू दिलं नाही आणि त्याने शाप दिला, ही गोष्ट इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. मला ती फारशी भावत नाही. खरं दुखणं २००३ चं आहे. वर्ल्ड सिरीज गाठायला फक्त पाच जण बाद करायचे होते, कब्स पुढे होते, आणि सीमेजवळच्या प्रेक्षकांत पडणाऱ्या चेंडूला एका साध्या चाहत्याचा हात लागला. क्षेत्ररक्षकाचा झेल हुकला. त्यानंतर कब्सच्याच एका क्षेत्ररक्षकाच्या हातून सोपा चेंडू सुटला, पिचर म्हणजे गोलंदाज ढासळले, त्या एका इनिंगमध्ये ८ धावा झाल्या. (इनिंग म्हणजे एक फेरी: दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन बाद झाले की पाळी संपते. सामन्यात अशा नऊ.) पण अख्ख्या शहराने दोष ठेवला त्या एका पोरावर. सुरक्षारक्षकांच्या पहाऱ्यात त्याला बाहेर काढावं लागलं. इतकी वर्षं तो लोकांसमोर आलेला नाही. त्याच्याशी हे शहर फार वाईट वागलं, आणि मी हे इथल्या लोकांना तोंडावर सांगतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. एकोणऐंशीचे आहेत. १९४५ ची मालिका त्यांनी मोठ्या भावाच्या शेजारी बसून रेडिओवर ऐकली होती. तो भाऊ गेल्या वर्षी वारला. आजोबा प्रत्येक सामन्याचा धावफलक स्वतः पेन्सिलीने लिहितात. त्याची एक रीत आहे: मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा. पिचर १, कॅचर म्हणजे त्यांचा यष्टिरक्षक २, पहिल्या बेसवरचा ३, तिसऱ्या बेसवरचा ५. बेस म्हणजे पळताना गाठायचे थांबे; ते सगळे ओलांडून बॅटरच्या जागी, 'घरी', परत आलं की एक धाव. तिसऱ्याने चेंडू अडवून पहिल्याकडे फेकला आणि बॅटर बाद झाला, की चौकोनात लिहायचं '५-३'. अशा वह्यांनी त्यांचं एक कपाट भरलंय. कोणतीही वही काढा, त्या दुपारी काय काय घडलं ते ते चेंडूगणिक सांगतात. मला हा खेळ त्यांनीच शिकवला.

आता गंमत बघ. यंदाच्या मालिकेचे शिकागोतले तीन सामने आले धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजनाला! समोर होता क्लीव्हलँडचा संघ. त्यांच्या गावी झालेल्या पहिल्या दोन सामन्यांनंतर १-१ अशी बरोबरी होती. धनत्रयोदशीला ७१ वर्षांनी कब्सच्या घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, वर्ल्ड सिरीजचा सामना झाला. आमच्या घरापासून मैदान रेड लाइन लोकलने अगदी जवळ आहे. तिकिटं परवडणारी नव्हतीच, पण नुसतं बाहेर उभं राहायला माणसं लोटली होती. रिग्ली १९१४ चं आहे रे. विटांच्या भिंतीवर वेल चढलेला, धावफलकावरचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात, आणि १९८८ पर्यंत तिथे दिवेसुद्धा नव्हते, सगळे सामने दिवसाउजेडी. त्या रात्री कब्स ०-१ ने हरले. दुसऱ्या रात्री २-७. आणि घाव घातला कोणी, तर क्लीव्हलँडच्या जेसन किपनिसने, जो इथल्याच नॉर्थब्रूक उपनगरात वाढला आणि लहानपणी कब्सचाच चाहता होता. तीन धावांचा होम रन (आपला षटकारच, फक्त बेसवर असतील तितक्यांच्या धावाही मिळतात) मारून तो बेसभोवती धावत होता तेव्हा आमच्या गल्लीत कुत्रंही भुंकलं नाही.

मालिका ३-१. क्लीव्हलँडला एकच विजय हवा होता. तिथून उलटवून मालिका जिंकल्याचं शेवटचं उदाहरण १९८५ मधलं.

लक्ष्मीपूजनाला आजोबा वर आले. निळी टोपी, काखेत वही. पूजा होईपर्यंत शांत उभे राहिले, आरतीला टाळ्या वाजवल्या, मग चिवड्याची वाटी घेऊन टीव्हीसमोर बसले. क्लीव्हलँडने दुसऱ्या इनिंगमध्ये धाव काढली तेव्हा आमच्या हिने समईत आणखी तेल घातलं, काही न बोलता. चौथ्या इनिंगमध्ये क्रिस ब्रायंटचा होम रन आला, पाठोपाठ आणखी दोन धावा, ३-१. मग ३-२. सातव्या इनिंगमध्येच मॅनेजर जो मॅडनने चॅपमनला बोलावलं. हा चॅपमन ताशी १६० किलोमीटरच्या वर चेंडू फेकतो. असा पिचर शेवटच्या तीन बळींसाठी राखून ठेवायचा असतो. त्या रात्री त्याने आठ घेतले. मध्येच आईचा फोन आला. आम्ही सगळे कुजबुजतच बोलत होतो, तर ती घाबरून म्हणाली, "कुणाचं काही बरं-वाईट झालंय का रे?"

जिंकलो. भाऊबीजेच्या रात्री क्लीव्हलँडला सहावा सामनाही जिंकलो, ९-३. मालिका ३-३. फक्त त्या सामन्यात पाच धावांची आघाडी असताना मॅडनने चॅपमनला पुन्हा फेकायला लावलं, ते मला मुळीच पटलं नाही. आजोबांनी तर वहीच्या समासात एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

आणि मग बुधवारचा सातवा सामना. बंड्या, मी क्रिकेट पाहत लहानाचा मोठा झालो, तुझ्यासोबतच, पण असा सामना मी पाहिलेला नाही.

पहिल्याच बॅटरने, डेक्स्टर फाउलरने, होम रन मारला. पाचव्या इनिंगपर्यंत ५-१. मग एक चेंडू उसळून कॅचर डेव्हिड रॉसच्या मुखवट्यावर आदळला, लांब गेला आणि त्यावर क्लीव्हलँडने दोन धावा पळून काढल्या. हा रॉस ३९ वर्षांचा, कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळत होता. पुढच्याच इनिंगमध्ये त्याने होम रन मारला! ६-३. आठव्या इनिंगमध्ये अजिंक्यपदासाठी फक्त चार बळी हवे होते. चॅपमन आला. दमलेला होता, चेंडूंत ती धारच नव्हती. आधी एक धाव गेली. मग समोर आला राजाई डेव्हिस. तो फार होम रन मारणाऱ्यांतला नाही. त्याने बॅट मुठीपासून चांगली वर धरली होती, लहान पोरं जड बॅट धरतात तशी. चेंडूमागून चेंडू तो कसाबसा अडवत राहिला आणि एक खालचा चेंडू त्याने डाव्या कोपऱ्यातून भिंतीपलीकडे घालवला. ६-६.

मी आजोबांकडे बघितलंच नाही. पेन्सिलीचा आवाज तेवढा आला. लिहीत होते ते.

नववी इनिंग कोरी गेली आणि पाऊस आला. मैदानावर ताडपत्री पसरली. १७ मिनिटं खेळ थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्ड नावाच्या खेळाडूने सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत जमवलं आणि बोलला. ८ वर्षांच्या, १८.४ कोटी डॉलरच्या कराराने आलेला हा माणूस, आणि वर्षभर त्याची बॅट रुसलेली. लोकांनी त्याला काय काय ऐकवलं होतं! त्या खोलीत उभं राहून बोलायची हिंमत त्याने केली, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

दहाव्या इनिंगची सुरुवात काइल श्वार्बरने केली. एप्रिलमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटून त्याचा हंगाम संपला होता; तो थेट या मालिकेत परतला. त्याने चेंडू मारून पहिला बेस गाठला. त्याच्या जागी पळायला २२ वर्षांचा अल्बर्ट अल्मोरा आला. पुढचं नीट वाच, कारण माझ्या मते सामना इथे जिंकला. ब्रायंटने चेंडू खोल, उंच मारला. क्रिकेटमध्ये झेल झाला की बॅट्समन चालू लागतो, बाकी काही उरत नाही. इथे झेल पकडल्यावर बेसवरच्या खेळाडूला पुढे पळता येतं, मात्र झेल पकडला जाईपर्यंत पाय बेसला हवा. पहिल्या बेसवरून असं सहसा कुणी पळत नाही. बहुतेक जण चेंडू पडेल या आशेने अर्ध्या वाटेवर थांबतात. अल्मोराने चेंडूचा अंदाज घेतला, बेसवर परत आला, पाय टेकवला, आणि झेल होताच दुसऱ्या बेसकडे सुटला. पोचला! आता एकाच फटक्यावर तो घरी येऊ शकत होता. क्लीव्हलँडने पुढच्या बॅटरला, रिझोला, मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकून चालत पहिला बेस दिला, आणि त्याच्यामागून आलेल्या बेन झोब्रिस्टने डाव्या रेषेला चिकटून चेंडू काढला. अल्मोरा घरी. ७-६. मग मिगेल मॉन्टेरोच्या फटक्यावर ८-६.

इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात, क्लीव्हलँडच्या पाळीत, दोन जण बाद झाले, पण डेव्हिसने पुन्हा एक धाव आणली, ८-७. शेवटी येऊन निसटती आघाडी राखत आयुष्यात एकदाही सामना न संपवलेला कब्सचा माइक मॉन्टगोमेरी चेंडू घेऊन उभा राहिला. बॅटरने हळू, घरंगळता चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. ब्रायंट धावत आला. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, तरी चेहऱ्यावर हसू होतं. चेंडू गेला पहिल्या बेसवर रिझोकडे. रिझोने तो झेलला आणि मागच्या खिशात घातला.

इथे मध्यरात्र व्हायला आली होती, तुमच्या सांगलीत गुरुवारचे सव्वादहा वाजले असतील. तू ऑफिसात चहा घेत असशील. आमच्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. लोक भांडी बडवत होते, मोटारींचे भोंगे, फटाके. आमच्या उरलेल्या फुलबाज्या आमच्या हिने शेजाऱ्यांच्या पोरांना वाटून टाकल्या. आजोबांनी आधी चौकोनात '५-३' लिहिलं, वही मिटली, आणि मग ते रडले.

क्लीव्हलँडबद्दलही लिहायला हवं. तेही १९४८ पासून थांबलेत. मुख्य पिचरांपैकी दोघं जायबंदी असताना ते इथवर आले, आणि घरच्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर, एका धावेने गेले. त्यांचा मॅनेजर टेरी फ्रँकोना आणि कब्सचा कर्ताधर्ता थिओ एपस्टाइन या दोघांनी मिळूनच २००४ मध्ये बॉस्टनची ८६ वर्षांची वाट संपवली होती. यंदा दोघं समोरासमोर होते. डेव्हिसच्या त्या फटक्याने सामना जिंकला असता तर तो त्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या सांगितला असता, आणि तसा तो सांगावाही. हरला म्हणून तो फटका लहान होत नाही.

शुक्रवारी मिरवणूक निघाली, रिग्लीपासून ग्रँट पार्कपर्यंत. पालिकेच्या अंदाजाने ५० लाख लोक. नदीत निळा रंग सोडला होता, तोच तुझ्या पेपरातला फोटो. पण मला तुला दाखवायची आहे ती रिग्लीची भिंत. गेले काही दिवस लोक तिच्या बाहेरच्या विटांवर खडूने नावं लिहितायत. आपल्या मेलेल्या माणसांची नावं. आजी, बाबा, काका, शाळेतला मित्र. हे बघायला जे राहिले नाहीत ते सगळे. काल आजोबांना घेऊन गेलो. हाताच्या उंचीला एक वीट मोकळी नाही. वरचं लोकांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून लिहिलंय. जागा होती ती अगदी खाली, पदपथालगत, आणि आजोबांचे गुडघे वाकत नाहीत. मी बसायला लागलो तेवढ्यात शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "मी लिहिते." आजोबांनी भावाचं नाव एकेक अक्षर सांगितलं, तिने जीभ दातांत धरून ते लिहिलं. "तुमचे बाबा?" तिने विचारलं. "भाऊ," ते म्हणाले. मग सामन्याचे आकडेही लिहून घेतले तिच्याकडून, ८-७, दहा इनिंग. आडनावात एक अक्षर चुकलं होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं.

येताना गाडीत ते मला १९४५ च्या सातव्या सामन्याची पहिली इनिंग सांगत होते, जिच्यात डेट्रॉइटने कब्सला चीत केलं. कंटाळा येईल इतक्यांदा मी ती ऐकली आहे, आणि पुन्हा ऐकली.

बंड्या, एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू होतो. तू मे महिन्यात यायचं म्हणत होतास, तर रजा आत्ताच टाक आणि पासपोर्टची मुदत बघ. भिंतीमागच्या बाकांवरची तिकिटं तेव्हा आवाक्यात असतात. आजोबा आपल्या दोघांना घेऊन जाणार आहेत आणि तुझ्यासाठी त्यांनी एक कोरी वही काढून ठेवली आहे. येताना चितळ्यांची बाकरवडी जास्त आण, त्यांना आवडते.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना आणि पोरांना आठवण.

तुझा,
दिनू