हाडांच्या गोळीतला ‘के’
हाडांच्या बळकटीसाठी ड आणि के२ जीवनसत्त्वे एकत्र घ्यावीत, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ड मुळे आतड्यात कॅल्शियम शोषले जाते, के मुळे ऑस्टिओकॅल्सिन हे हाडांतील प्रथिन कार्यक्षम होते, हे खरेच. पण वॉरफरिन घेणाऱ्यांचा लेखात उल्लेखही नाही. रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या या औषधाचा परिणाम के जीवनसत्त्वामुळे कमी होतो. माझ्या वडिलांनी अशी जोडगोळी परस्पर सुरू केली आणि पुढच्याच तपासणीत त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) २.६ वरून १.५ वर आला, म्हणजे औषधाचा परिणाम घटला. गोळ्यांच्या पाकिटावर ‘के२’ होते, पण भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत. (ड मोठ्या टायपात!) वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये, एवढी ओळ पुढच्या पुरवणीत ठळक छापावी, ही विनंती.
— एक नियमित वाचक