शनिवार-रविवारच्या चंदन-वंदन मुक्कामासाठी सूचना

वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद असतो, म्हणून यंदा कुटुंबांसह चंदन-वंदन हे सातारा जिल्ह्यातले जोडकिल्ले. पाऊस असणारच, तो धरूनच सॅक भरा.

सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी तिथूनच झिरपून तळाशी साचतं. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा, मग रबर लावा. मुक्कामाचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत. ते चालताना कोणीही घालायचे नाहीत, कितीही कुडकुडलात तरी. जीन्स नकोच. भिजली की जड होते आणि रात्रभर वाळत नाही. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको: ३० किलोच्या मुलाला ३ किलो, पाण्याची बाटली धरून.

आपला कातळ लाव्हारसाचा, बसाल्टचा. खडबडीत काळा दगड ओला असला तरी पाय धरतो. हिरवट, गुळगुळीत दिसला की समजा शेवाळ आहे. दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा त्याहून फसवा, साबणासारखा. तिथे पाऊल आडवं टाका.

ओढ्याचं पाणी गढूळ, वेगवान आणि मोठ्यांच्या गुडघ्याला लागत असेल तर थांबायचं. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर माथा सोडून खाली उतरायचं. एकट्या झाडाखाली थांबू नका.

जळवांसाठी मीठ आणा. छत्री घरी ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत.